मासात्लानचा कार्निव्हल, फुटपाथवरून

कॅल्गरीतल्या निवृत्त मंडळींत दोन पंथ आहेत. बर्फाला शिव्या देत घरात बसणारे एक, आणि शिव्या देऊन झाल्या की विमानात बसणारे दुसरे. आम्ही बरीच वर्षं पहिल्या पंथात काढली, मग गुडघ्यांनी पक्षांतर करायला लावलं. २०२४ च्या जानेवारीत पारा उणे ३५ च्याही खाली गेला, गाडीची दारं गोठून बसली, आणि थोड्याच दिवसांत आम्ही दोघं मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मासात्लानला येऊन पडलो.

हे गाव साधारण भोपाळच्या अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. हिवाळ्यात दुपारी पंचवीसच्या आतबाहेर तापमान आणि रात्री अंगावर एक पातळ शाल. घड्याळ कॅल्गरीचंच चालतं, त्यामुळे मुलाला फोन करताना हिशेब नाही. भारताशी साडेबारा तासांचा फरक, म्हणजे घड्याळ उलटं करून अर्धा तास मिळवला की झालं. ह्यांचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, पण कॅनडाचं कायम रहिवासाचं कार्ड असलं की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. १८० दिवस ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात किती द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, तेव्हा परतीचं तिकीट आणि घरभाड्याचा कागद हाताशी ठेवावा.

आमची खोली जुन्या गावात, माचादो चौकाजवळ, एका सत्तरीच्या बाईंच्या घराच्या माडीवर. त्यांना अख्खी गल्ली दोन्या, म्हणजे स्पॅनिशमध्ये मानाने ‘बाई’, म्हणते, म्हणून आम्हीही दोन्याच म्हणायला लागलो. ह्यांचं मोडकं स्पॅनिश, माझा फोन आणि दोन्यांचे हातवारे यांवर आमचा संसार उत्तम चालला. पिनो सुआरेझ मंडईत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, पपई, चिंच, गुळाच्या ढेपा सगळं मिळतं. कोळंबीसाठी मात्र आकिलेस सेरदान रस्त्यावर जायचं. तिथे बायका ओळीने टोपल्या मांडून बसतात, भाव करतात, आणि भाव केला नाही तर त्यांना वाईट वाटतं. म्हापशाच्या बाजारात वाढलेल्या मला आणखी काय पाहिजे?

म्हापशाचा विषय निघालाच आहे तर कार्निव्हलचं माझं आधीचं खातं सांगून टाकते. गोव्यात १९६५ साली कार्निव्हलची मिरवणूक नव्याने सुरू झाली तेव्हा मी लहान होते. आमच्या घरात नियम साधा: शिगमो आपला, कार्निव्हल त्यांचा, म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्यांचा. बघायला हरकत नाही, पण खिडकीतून. किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, जायचा, गिटारवाले जायचे, रंगीत कपड्यांतली पोरं वर बघून हात हलवायची, आणि आम्ही बहिणी गजांना नाकं लावून उभ्या. रस्त्यावर उतरणं हा विचारसुद्धा डोक्यात आला नाही. त्यामुळे साठी उलटून गेल्यावर कार्निव्हल समोर आला तेव्हा मला त्याची माहिती होती, पण तो मी कधी खाली उतरून बघितला नव्हता.

मासात्लानमध्ये कार्निव्हलची चाहूल आठवडे आधी लागते. समुद्रकाठच्या रस्त्यावर भलेमोठे पुतळे उभे राहायला लागतात. दिव्यांच्या माळा, खुर्च्यांचे ढीग, घराघरांतून शिवणयंत्रांचा आवाज. गुरुवारी सुरुवात होते आणि राखेच्या बुधवाराच्या, म्हणजे ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपास सुरू होतात त्याच्या, आदल्या दिवशी, मंगळवारी, सगळं संपतं. ईस्टर दर वर्षी सरकतो तसा हाही सरकतो. २०२४ मध्ये ८ ते १३ फेब्रुवारी होता. घर भाड्याने घेताना ह्या तारखा आधी बघाव्यात, कारण त्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही आणि मिळाली तर भाडं ऐकून बर्फ बरा वाटतो.

आमच्या इमारतीमागे एक कॅनेडियन जोडपं दर हिवाळ्यात येतं. त्यांचा सल्ला स्पष्ट होता: समुद्रकाठच्या एखाद्या हॉटेलची बाल्कनी धरा, जेवण, पेयं आणि स्वच्छतागृह सगळं त्यात येतं, गर्दीत अजिबात जाऊ नका. सल्ला वाईट नव्हता. ह्यांनी तर फोनही उचलला होता. पण जिन्यात दोन्या भेटल्या. त्यांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि बोट खाली, जमिनीकडे दाखवलं. त्यांच्या माहेरची, सासरची, सगळी मिळून तिसेक माणसं दर वर्षी एकाच ठिकाणी फुटपाथवर बसतात, त्यात आणखी दोन खुर्च्या. मला पुन्हा एकदा खिडकी घ्यायची नव्हती. मी हो म्हणून टाकलं.

आधीच्या दिवसांबद्दल थोडक्यात. सुरुवातीला ‘वाईट मूड’ जाळतात. म्हणजे वर्षभरात लोकांच्या डोक्यात गेलेल्या कुणा माणसाचा नाहीतर गोष्टीचा मोठा पुतळा करायचा आणि आग लावायची, आरडाओरड, शिट्ट्या, सगळं रीतसर. रात्री ओलास आल्तास ह्या जुन्या किनारी भागात तिकीट काढून शिरायचं. तिथे दर काही पावलांवर एक बांदा, म्हणजे सिनालोआ ह्या इथल्या राज्याचं पितळी वाद्यांचं पथक, आणि प्रत्येक जण वेगळं गाणं वाजवतोय. दोन पथकांच्या बरोबर मधे उभं राहिलं तर दातसुद्धा वाजतात. आम्ही अर्ध्या तासात बाहेर. ते तरुणांचं राज्य आहे, त्यांना लखलाभ.

शनिवारी रात्री मात्र दोन्यांच्या गच्चीवरून ‘नाविक लढाई’ बघितली. ३१ मार्च १८६४ रोजी ह्या गावातल्या तोफांनी ‘कोर्दलिएर’ नावाच्या फ्रेंच युद्धनौकेला माघार घ्यायला लावली, त्याची आठवण म्हणून समुद्रावर आतषबाजी होते. एक बाजू बोटींवरून, दुसरी किनाऱ्यावरून. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रेंच परत आले आणि गाव घेतलंच, पण ते साजरं करत नाहीत. बरोबरच आहे. कुठलं गाव करेल?

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ह्या दंग्यात कवितेची स्पर्धा असते, आणि त्या स्पर्धेच्या उत्सवाची वेगळी राणी असते. शिवाय ह्याच दिवसांत मासात्लान साहित्य पुरस्कार देतात. पहिला १९६५ मध्ये होसे गोरोस्तिसा ह्या कवीला मिळाला होता. आम्ही कार्निव्हल बघत होतो त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तिकडे अमळनेरला आपलं साहित्य संमेलन झालं होतं. आमचे हे म्हणाले, “अगं, संमेलनाध्यक्षांना पिसांचा मुकुट घालून रथात बसवलं तर गर्दी किती वाढेल!” मी म्हटलं, “अहो, आधी अध्यक्षांना विचारा.”

रविवार उजाडायच्या आधीच जागेचं राजकारण सुरू झालेलं होतं. समुद्राच्या कडेने गावभर धावणारा जो रुंद रस्ता आहे, आवेनिदा देल मार, त्याच्या फुटपाथावर लोकांनी आदल्या दिवसापासून दोऱ्या बांधल्या होत्या. चिकटपट्ट्या, ताडपत्र्या, उलटे ठेवलेले क्रेट, खडूने लिहिलेली आडनावं. दोन्यांचा एक भाचा रात्री तिथेच खाट टाकून झोपला होता. दुपारनंतर रस्ता वाहनांना बंद, म्हणून आम्ही जुन्या गावातून पायी निघालो. डोक्यावर टोपी, पिशवीत पाणी, हातात डबा.

कुठल्या बाजूला बसायचं ह्यावर दोन्यांची ठाम मतं. समुद्राच्या बाजूलाच बसायचं. सूर्य पश्चिमेला, समुद्रात बुडतो, म्हणजे तो आपल्या पाठीशी. पलीकडे, हॉटेलांच्या बाजूला बसलेल्यांच्या डोळ्यांत तो मावळेपर्यंत जातो. शिवाय मागे किनाऱ्याचा कठडा असतो, त्यावर मुलांना उभं करता येतं. तोटा एकच. स्वच्छतागृहं पलीकडच्या बाजूला, थोडे पेसो देऊन वापरायची, आणि मिरवणूक सुरू झाली की रस्ता ओलांडणं अवघड. म्हणून साडेचारला सगळ्या बायकांची एक फेरी. ही माहिती कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत मिळाली नाही आणि तीच सगळ्यात कामाची होती.

मग वाट बघणं. खरं सांगायचं तर मिरवणुकीपेक्षा हे तास मला जास्त लख्ख आठवतात. शेजारच्या कुटुंबाने त्यांची दोरी हातभर आमच्या हद्दीत सरकवली होती. त्यावरून दोन्यांच्या सुनेची आणि तिकडच्या एका काकांची चांगली जुंपली. आवाज चढले, हात हलले, आणि पाच मिनिटांत तिकडून कोळंबीच्या तोस्तादांचं, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळ्यांचं, ताट आलं, इकडून बिअर गेली. दोरी होती तिथेच राहिली. बिअर अर्थातच पासिफिको, १९०० पासून ह्याच गावात बनणारी. आम्ही दोघं जास्वंदीच्या कुळातल्या लाल अंबाडीचं थंड सरबत पीत बसलो. ते इथे मोठमोठ्या काचेच्या बरण्यांतून विकतात.

दोन्यांनी घरून अगुआचिले आणलं होतं: कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, वाटलेली मिरची, काकडी, कांदा. ह्यांनी वाटीत डोकावून बघितलं. माणूस कोल्हापूरचा, रस्सा कितीही लाल असला तरी भीत नाही, पण इथे हात थबकला. “अगं, ही कच्ची आहे.” मी म्हटलं, “अहो, लिंबाने रंग बदललाय बघा.” “रंग बदलला म्हणजे शिजली का?” ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी काकडी खाल्ली, मी कोळंबी. पोटं दोघांचीही शाबूत राहिली.

तेवढ्यात दोन्यांच्या एका पणतवंडाने मागून येऊन ह्यांच्या टकलावर अंडं फोडलं. आत बलक नसतो. रिकामं कवच धुऊन, वाळवून, रंगवून त्यात कागदाची बारीक टिकली भरतात आणि तोंड चिकटवून टाकतात. ती टिकली नंतर उशीत, चष्म्याच्या खोबणीत, चहाच्या गाळणीत सापडत राहिली. ह्या कागदी टिकलीला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथे कार्निव्हलात लोक एकमेकांवर पीठ फेकायचे. गोदीतले आणि बाजारातले असे दोन गट होते, आणि पिठाबरोबर नंतर दगडधोंडेही यायला लागले. १८९८ मध्ये गावातल्या डॉक्टर मार्तिनियानो कार्वाहाल आणि इतर पुढाऱ्यांनी समिती नेमली, पिठाच्या जागी कागदाची टिकली आणली आणि सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. १९०० पासून राणी निवडायला लागले. पहिली राणी विल्फ्रिदा फार्मर.

माझी आजी सांगायची की गोव्यातही पूर्वी इंत्रुजच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, दिवसांत कागदी पुड्यांतून पीठ आणि भुसा एकमेकांवर मारायचे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोघंही हा सण बोटींतून घेऊन गेले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि दोन्ही टोकांना लोकांनी पहिलं काम काय केलं, तर घरातलं पीठ रस्त्यावर आणलं. हे मी दोन्यांना फोनवर भाषांतर करून दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि भाच्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर मी पाहुणी राहिले नाही. माझ्या मांडीवर एक झोपलेलं मूल देण्यात आलं.

त्या दिवशी एक गंमत होती. ११ फेब्रुवारीला अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, नेमका त्याच वेळी. पलीकडच्या खाणावळींत टोप्या घातलेले अमेरिकन पाहुणे रस्त्याकडे पाठ करून पडद्याकडे बघत बसले होते. सामना बरोबरीत गेला, जादा वेळ सुरू झाला, आणि बाहेर त्यांच्या पाठीमागून पिसं, दिवे, राण्या जात राहिल्या. एक गृहस्थ मधूनमधून वळून बघायचे आणि पुन्हा पडद्याकडे मान. मला त्यांची मान दुखत असेल ह्याचीच काळजी.

सूर्य सहाच्या आसपास पाण्यात गेला. मिरवणूक आधी ऐकू आली: ट्यूबा ह्या भल्यामोठ्या पितळी वाद्याचा खोल आवाज, मग तांबोरा, म्हणजे झांज लावलेला मोठा ढोल, मग क्लॅरिनेटं आणि कर्णे. पोलिसांच्या मोटारसायकली, शाळांची पथकं, घोषवाक्यांच्या गाड्या गेल्या. ह्या जाहिरातींच्या गाड्या जरा जास्तच होत्या. कुणी तरी पैसे द्यायला हवेत हे खरं, पण टूथपेस्टच्या नळीला नाचताना बघून मन भरून येत नाही.

मग मुख्य रथ. दुमजली घराएवढे उंच, पोपट, जलपऱ्या, लाटा, देवळांचे पायऱ्यांचे उतरते मनोरे, सगळं आतून उजळलेलं. छोटी राणी आली, नऊदहा वर्षांची, इतक्या वजनाचा मुकुट सांभाळत हसत होती की माझीच मान ताठ झाली. आनंदाचा राजा आला, त्याने लोकांना दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लावल्या. कवितेच्या उत्सवाची राणी, कार्निव्हलची राणी. दोन्यांना प्रत्येकीचं गाव, गल्ली, आई कुठे काम करते, मावशीचं लग्न कुणाशी झालं, सगळं ठाऊक. त्या नावाने हाक मारत होत्या, आणि वरून मुलगी खरोखर वळून बघत होती. बाल्कनीतून हे कसं कळलं असतं? तिथून पिसं दिसली असती.

नाचणाऱ्या पथकांत सगळ्या वयाचे लोक होते. साठीच्या बायकांचं एक पथक सोनेरी झगे घालून आलं. त्यांच्यातली एक थांबली, आमच्या कडेला येऊन तिने चपलेचा पट्टा नीट केला, दोन्यांच्या बाटलीतून एक घोट घेतला आणि पळत आपल्या ओळीत गेली. रथांमधलं अंतर कधी कधी खूप पडायचं. दहा-दहा मिनिटं रस्ता रिकामा. त्यावर कुणी चिडत नव्हतं. पोरांनी लगेच चेंडू काढला, एका काकांनी पुढच्या रथाच्या गाण्यावर आधीच नाचायला सुरुवात केली, दोन्यांनी ह्यांना हाताला धरून उठवलं. ह्यांना नाचता येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतले चार हात त्यांनी तिथे केले, आणि ते बांद्याच्या ठेक्यावर बेमालूम बसले. कुणाला शंकासुद्धा आली नाही.

सुरक्षेबद्दल विचारतात म्हणून लिहिते. सिनालोआ राज्याची अमली पदार्थांच्या टोळ्यांबद्दलची ख्याती सगळ्यांना माहीत आहे. कॅनडा सरकारची सूचना त्या वेळी राज्यात अनावश्यक प्रवास टाळा, मासात्लान वगळून, अशी होती. मिरवणुकीत बंदूकधारी जवानांच्या गाड्या दिसत होत्या, गर्दी मात्र बायकामुलांची होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राज्यात टोळ्यांचं युद्ध पेटलं आणि चित्र बदललं. तेव्हा माझ्या ह्या वर्णनावर जाऊ नका, निघण्याआधी ताज्या सूचना वाचा.

मंगळवारी दुसरी मिरवणूक. त्याच दिवशी माघी गणेश जयंती होती, म्हणून सकाळी मी तांदळाची पिठी, ओला नारळ आणि ढेपेचा गूळ घालून मोदक केले. दोन्यांनी पाकळ्या मोजल्या, मग विचारलं की तळायचे का नाहीत. त्या पहाटे, आमच्या साडेतीनच्या सुमारास, धाकट्या बहिणीचे व्हिडिओ येऊन पडले होते. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को आणि मंगळवारी म्हापसा अशी तिकडची मिरवणूक फिरते. बहीण आता नातवंडांना घेऊन सरळ रस्त्यावर उभी राहते. दोन्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि निर्णय दिला: रथ लहान आहेत, गिटार छान आहे, ट्यूबा का नाही?

ट्यूबाचा प्रश्न मार्चमध्ये वेगळ्याच रीतीने आला. काही हॉटेलवाल्यांनी तक्रार केली की किनाऱ्यावर वाजवणाऱ्या बांद्यांमुळे परदेशी पाहुण्यांची झोप मोडते, त्यांना आळा घाला. वादकांनी वाजवतच मोर्चा काढला, पोलिसांशी झटापट झाली, जगभर बातम्या गेल्या. सिनालोआच्या बांद्यांत सगळ्यात नावाजलेला एल रेकोदो हा बांदा ह्याच तालुक्यातल्या त्याच नावाच्या खेड्यात १९३८ मध्ये सुरू झाला. आणि त्या मुलखात ट्यूबा बंद करा म्हणायचं! आमचे कॅनेडियन शेजारी हॉटेलवाल्यांच्या बाजूचे होते. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, आम्ही इथे शांततेसाठी पैसे मोजतो. मी त्यांना म्हटलं, शांतता हवी असेल तर जानेवारीत कॅल्गरीला खूप आहे, आणि फुकट आहे. ते हसले नाहीत. दोन्यांना मी हे भाषांतर करून दाखवलं, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षीच्या दोन खुर्च्या आमच्या नावावर लिहून टाकल्या आणि बजावलं की अगुआचिले ह्यांच्यासाठी वेगळं उकळून देणार नाही.